दशरथची गाडी

माझं शेवटचं पोस्टिंग पठाणकोटला होतं. हवालदार म्हणून मी तिथूनच निवृत्त झालो. सगळी नोकरी ट्रान्सपोर्ट कंपनीत गेली. गावाकडे लोक विचारतात, किती शत्रू मारले? मी सांगतो, एकही नाही, पण रेशनचा ट्रक कधी उशिरा पोचवला नाही. त्यांची जरा निराशा होते.

फौजी माणसाचं घर काळ्या लोखंडी पेट्यांमध्ये असतं. पेटीवर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक आणि नाव लिहिलेलं असतं. बढती मिळाली की जुनी रँक खरवडायची आणि नवी लिहायची. निवृत्तीनंतर सामान बांधलं तेव्हा क्वार्टरसमोर दोन घरांच्या पेट्या ओळीने लागल्या होत्या. माझ्या पेट्यांवर हवालदार लिहिलं होतं. शेजारच्या तीन पेट्यांवर नाईक दशरथ. त्या तीन पेट्यांवरची रँक आता कोणी बदलणार नव्हतं.

दशरथ शहापूर तालुक्यातल्या शेणव्याचा. मी मुरबाडकडचा, सिद्धगडाच्या पायथ्याचा. कंपनीत आमच्या दोघांचं बोलणं तिसऱ्या कोणाला कळत नसे. पंजाबी सुभेदारसाहेब म्हणायचे, "ये दोनों लड़ रहे हैं या बात कर रहे हैं?" कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे ट्रकच्या ताफ्यात, माझा ट्रक पुढे आणि त्याचा मागे, असं बरीच वर्षं चाललं. कॉन्व्हॉयचा एक साधा नियम असतो. मागची गाडी तुमच्या आरशात दिसली पाहिजे. दिसली नाही तर थांबायचं. मागच्याची जबाबदारी पुढच्यावर असते.

त्याने पठाणकोटला एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. म्हणायचा, "बबन, ट्रेननं जाऊन कंटाळा आला रे. एकदा आख्खा देश बघत गाडीनंच जाऊ. आईच्या दारात गाडी लावायची नि हॉर्न मारायचा." रविवारी तो परेड ग्राउंडवर बायकोला, सुनंदावहिनींना, गाडी शिकवायचा. वहिनींनी एकदा गाडी थेट व्हॉलीबॉलच्या जाळीत घातली. हा पठ्ठ्या शेजारच्या सीटवर बसून पोट धरून हसत होता.

मध्ये काही काळ आम्हा दोघांना सिक्कीमला पाठवलं. बायकामुलं पठाणकोटच्या क्वार्टरमध्येच राहिली. सिक्कीमला एका सकाळी घाट चढताना माझ्या आरशात दशरथच्या ट्रकचे लाईट सारखे उघडझाप करताना दिसले. हॉर्नही चालू होता. आमच्यात ठरलेलं होतं. एकदा लाईट म्हणजे थांब. सारखे लाईट आणि हॉर्न म्हणजे थांबू नकोस, निघ. मी गिअर टाकला आणि निघालो. माझ्यामागे आख्खी दरड रस्त्यावर आली. वळणापलीकडे जागा मिळाल्यावर मी थांबलो, धावत मागे आलो. रस्ता नव्हता. ट्रकही नव्हता.

माझ्या डोक्यावरची दरड त्याला मागून दिसली होती. तो ब्रेक मारून मागे राहू शकला असता की नाही, हे मला माहीत नाही. मी त्याचा विचार पुष्कळ केला. 

दरीतून काढलेला त्याचा देह घरी मीच आणला. सोबत जाणारा एस्कॉर्ट म्हणून माझं नाव निघालं. शेणव्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याची आई दारात हातात काहीतरी घेऊन उभी होती. कोणीतरी तिला दंडाला धरून हळूच मागे नेलं. सलामी झाली, अग्नी दिला. मी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर परतलो.

वहिनींना मुलीची दहावी होईपर्यंत क्वार्टरमध्ये राहायची परवानगी मिळाली. पल्लवीची परीक्षा आणि माझी निवृत्ती लागोपाठ आली. मी सामानासाठी एक जुना पिकअप विकत घेतला. पुढे गावाहून भाजी वाहायला कामाला येणार होताच. दोन्ही घरांचं सामान त्यात बसत होतं. प्रश्न पांढऱ्या गाडीचा होता.

दशरथचा धाकटा भाऊ रघुनाथ शेणव्याहून फोनवर म्हणाला, "वयनी, गाडी तिकडंच इका. ट्रेननं या. घरातला एक मानूस रस्त्यानं नेला. आता तुमाला नि पोरीला त्याच रस्त्यावर सोडू काय?"

त्याचं चुकत नव्हतं. मलाही तसंच वाटत होतं, आणि मी तसं बोललोही. वहिनींनी ऐकून घेतलं, मग मला म्हणाल्या,

"भाऊजी, ही गाडी आईच्या दारात लावायची व्हती यांना. ती मी लावीन. तुमी पुढं चाला, मी मागं येते."

माझी बायको मंदा म्हणाली, "अहो, एवढं आयुष्य कॉन्व्हॉय नेलेत ना? मग न्या की अजून एक."

आम्ही मे महिन्यात पहाटे निघालो. पुढे पिकअपमध्ये मी आणि मंदा. मागे गाडीत वहिनी, शेजारी पल्लवी. मी सगळ्यांना ब्रीफिंग दिलं. अंतर किती ठेवायचं, हॉल्ट कुठे, ओव्हरटेक नाही. मंदा मध्येच म्हणाली, "चहा कुठे, ते सांगा आधी."

पल्लवीने मोबाईलचा वायरलेस करून टाकला.

"वन, धिस इज टू. टोल पार केला. ओव्हर."

"धिस इज वन," मंदा उत्तर द्यायची. "डावीकडे बरा ढाबा दिसतोय, पण हवालदारसाहेब थांबत नाहीत. ओव्हर."

अंबाला, आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर. दिवसा चालायचं आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला लागायचं. ग्वाल्हेरला जुन्या ओळखीवर फौजी ट्रान्झिट कॅम्पमध्ये खोल्या मिळाल्या. शिवपुरीच्या पुढे एका ढाब्यावर दोन ट्रकच्या मधल्या जागेत वहिनींनी गाडी एका दमात रिव्हर्स लावली. खाटेवर बसलेले ट्रकवाले चहा विसरून बघत राहिले. मला उगीचच छाती फुगल्यासारखं झालं. शिकवलं होतं दशरथने, आणि मिरवत होतो मी.

सेंधव्याचा घाट नीट उतरलो. महाराष्ट्राची हद्द लागल्यावर पाट्यांवर मराठी दिसायला लागली आणि पल्लवीने वायरलेसवर पाट्या वाचून दाखवायचा सपाटा लावला.  नाशिकला जेवायला थांबलो तेव्हा वहिनींनी मात्र दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला केलं.

"घर जवळ आलं ना," मंदा मला हळूच म्हणाली. "आजवर तिकडे जाताना ते बरोबर असायचे."

कसारा घाट लागला तेव्हा दुपार कलत होती. उतरायचा रस्ता एकेरी. एकदा आत शिरलं की गाडी मागे वळवायची सोय नाही. कडेला बायका पानांच्या द्रोणात करवंदं विकत बसल्या होत्या. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. एक वळण घेतलं, आरशात पांढरी गाडी होती. दुसरं घेतलं आणि आरसा रिकामा झाला.

मी वेग कमी केला. एक ट्रक आला, मग एक बस. पांढरी गाडी नाही.

"फोन लाव."

"रेंज नाही," मंदा म्हणाली.

मी पिकअप डोंगराच्या अंगाला घेऊन उभा केला. चाकाखाली दगड लावला. मंदाला सांगितलं, "डोंगराच्या कडेला उभी राहा, गाडीत बसू नकोस." आणि कडेकडेने वर चालायला लागलो. थोड्या वेळाने मी धावत होतो, हे मला नंतर कळलं. मागच्या गाडीसाठी मी असा दुसऱ्यांदा मागे धावत होतो. पहिल्या वेळी मागे काय सापडलं, ते माझे पाय विसरले नव्हते. कसाऱ्याच्या त्या उन्हात मला सिक्कीमची थंडी वाजली. मी घाबरलो होतो. नोकरीत इतका कधी घाबरलो नव्हतो.

वळणावर आधी लाल ओढणी दिसली. पल्लवी कठड्याला टेकून येणाऱ्या गाड्यांना ओढणी दाखवत होती. तिच्या खाली पांढरी गाडी डोंगराला चिकटून उभी होती. पार्किंगचे लाईट चालू. पुढच्या दोन्ही चाकांपुढे दगड. वहिनी बाजूला पदराने वारा घेत उभ्या होत्या.

मला बोलायला श्वास मिळत नव्हता. तरी पहिला शब्द ओरडण्याचाच निघाला. "रिपोर्ट का नाही दिलात?"

"काका, नेटवर्कच नाय," पल्लवी वरून म्हणाली.

वहिनी म्हणाल्या, "ब्रेकचा वास आला. पेडल पण मऊ लागलं. यांनी सांगून ठेवलंय, घाटात वास आला का थांबायचं. पुढची गाडी दिसंनाशी झाली तरी तिला गाठाया जायाचं नाय. पुढचा थांबतो."

मी खाली वाकून चाकं बघितल्यासारखं केलं. खरं तर मला त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं. मी डोळे पुसले आणि उभा राहिलो.

"चावी द्या वहिनी. राहिलेला घाट मी उतरवतो. मग चालत जाऊन पिकअप आणतो."

त्यांनी चावी मुठीत धरली.

"नाय भाऊजी."

"वहिनी, ब्रेक गरम झालेत."

"थंड व्हऊ द्या. मंग मी उतरीन. इथं तुमाला चावी दिली, तर शेणव्यात मी काय लावली दारात?"

ऑर्डर कोणाचीही असो, ऐकली की कळते. आम्ही थांबलो. चाकं हात लावण्याइतकी निवली. मी ब्रेक तपासला, पेडल पुन्हा घट्ट झालं होतं.

"पहिला, फार तर दुसरा गिअर," मी म्हणालो. "इंजिनच गाडी धरेल. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही."

"ठाव हाय. तुमी पुढं चाला. पण हळू."

राहिलेला घाट मी बैलगाडीच्या वेगाने उतरलो. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून थकले. माझे डोळे रस्त्यावर कमी आणि आरशावर जास्त होते. पांढरी गाडी आरशातून हलली नाही. खाली कसारा गाव आलं तेव्हा फोन खरखरला.

"वन, धिस इज टू. घाट उतरलो. आई हसतेय. ओव्हर."

 मंदा रडत होती.

शहापूरला शेणव्याच्या फाट्यावर रघुनाथ मोटारसायकल घेऊन थांबला होता. त्याने गाडीच्या नंबरप्लेटवरची धूळ बघितली, मग वहिनींकडे बघितलं.

"वयनी, तुमीच चालवत आनलीत? घाट पन?"

"हां."

गाडी मी नेतो म्हणायला आला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.  पण त्याने मोटारसायकलला किक मारली. "चला मंग. मी पुढं ऱ्हातो. गुरं आडवी येतात, हॉर्न मारत जाईन."

इथे मी कॉन्व्हॉयचा क्रम बदलला. वहिनींना पुढे घातलं आणि पिकअप मागे घेतला.  रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा, भाजून काळी झाली होती. दोनदा पुढच्या गाडीच्या आरशात मला वहिनींचे डोळे दिसले. त्या मी मागे आहे ना, ते बघत होत्या.

शेणव्यात दारासमोर गाडी उभी राहिली. वहिनींनी हॉर्न मारला. एकच, पण लांब.

दशरथची आई बाहेर आली. एका हातात तांदळाची भाकरी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. आमच्याकडे लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर भाकरतुकडा ओवाळतात आणि मगच आत घेतात. तिने सुनेवरून तुकडा ओवाळून टाकला, पाणी टाकलं. मग नातीवरून. मग ती गाडीजवळ गेली.

"दार उघड गो."

वहिनींनी ड्रायव्हरकडचं दार उघडलं. म्हातारीने भाकरीचा तुकडा मोडला आणि रिकाम्या सीटवरून सावकाश तीनदा ओवाळला.

"तो आला तवा माझ्या हातात भाकर व्हती," ती म्हणाली. "लोकांनी पुढं जाऊ दिला नाय. माझा ओवाळायचा ऱ्हायला." तिने तुकडा दूर टाकला आणि चाकापाशी पाणी ओतलं. "आता आला तो घरी."

रघुनाथ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वहिनी गाडीच्या दाराला धरून रडल्या. दशरथ गेल्यापासून मी त्यांना चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं.

मग म्हातारी माझ्याकडे वळली.

"तू त्याच्या पुढं व्हतास ना रे बबन?"

"होय आई."

"मागं बघितलास?"

"बघितलं."

"काय करत व्हता?"

एवढ्या दिवसांत तिने हे विचारलं नव्हतं, आणि मला आपणहून सांगवलं नव्हतं.

"लाईट देत होता. हॉर्न मारत होता. मला सांगत होता, थांबू नको, निघ. म्हणून मी निघालो, आई."

 मला वाटलं, आता ती आत जाईल. तिने हातातल्या उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडावरून ओवाळला.

"त्याला घेऊन तूच आला व्हतास. तुला बी तवा कुनी ओवाळला नाय." तिने तुकडा मागे फेकला आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. "चल, घरात चल."

आता माझा पिकअप मुरबाडहून कल्याणला भाजी नेतो. वहिनी शहापूरला नोकरीला जातात, त्याच गाडीने. तीन पेट्या शेणव्याच्या घरात आहेत. एकीत आई तांदूळ ठेवते. झाकणावरचा रंग उडत चालला होता, तो मी गेल्या महिन्यात पांढऱ्या रंगाने पुन्हा भरून दिला. जसं होतं तसंच लिहिलं. नंबर, मग नाईक, मग दशरथ.