बाबांच्या मेंदूतली दारं

बाबा खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. फाटकावर रोज झडती. खिशात काडेपेटी सापडली तर नोकरी गेलीच म्हणून समजा. मग विडी कुठली ओढणार? अख्खं खातं तंबाखू मळायचं, बाबाही मळायचे.

मैत्रिणी कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला पोचल्या तेव्हा मी निकोटिनवर पीएचडी करत होते. मेंदूतल्या पेशीच्या आवरणात रिसेप्टर असतात, म्हणजे बारीक दारंच. पाच प्रथिनं गोल उभी, मधे भोक. ॲसिटिलकोलीन हे मेंदूचं स्वतःचं रसायन येऊन चिकटलं की भोक उघडतं, सोडियम आत शिरतं, पेशी जागी होते. काम झालं की ॲसिटिलकोलीन लगेच तोडलं जातं. निकोटिन चिकटतं त्याच जागी, पण हटता हटत नाही. दारं बधिर होतात, मेंदू आणखी दारं बसवतो. तंबाखू सोडली की ही सगळी रिकामी दारं एकदम जागी होतात आणि माणूस वेडापिसा होतो. हे मला तोंडपाठ होतं.

आणि घरी मी काय केलं? बाबांचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "घ्या माझी शपथ! मनावर घेतलं की सुटते." डोंबलाचं शिक्षण माझं!

"अगं, भलतंच काय?" बाबांचा चेहरा पडला. पण शपथ घेतली.

जेमतेम आठवडा निभावला, हे फार नंतर कळलं. मग कारखान्यात चोरून सुरू झाली. पुढे गालात आतून जखम झाली. दाखवावी तर शपथ मोडलेली कळणार. तिखट बंद केलं, नुसता दूधभात गिळायचे. विचारलं की म्हणायचे, दाढ दुखते. मी फटकारायची, "मग उपटून टाका ना एकदाची!"

गाल बाहेरून सुजला तेव्हा कुठे दवाखाना. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही," डॉक्टर म्हणाले, "आणि इतक्या उशिरा आणलंत?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अर्धा जबडा काढला. बोलणं संपलं. मी खाटेशी बसून रडत विचारलं, "बाबा, सांगितलं का नाहीत हो?"

त्यांनी खुणेनं वही मागून घेतली. लिहायला बराच वेळ लागला.

"शपथ मोडल्यापासून रोज तू घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. मला झालं ते बरं झालं. आता तुला काही होणार नाही."