गोधडीखालचा रिमोट

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत बद्रीनाथ तौर अगदी माझ्या डोक्यावर राहतात, म्हणजे त्यांचा हॉल बरोबर माझ्या हॉलच्या वर. तरुणपणी जालन्याकडून आले, कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं आणि निवृत्त होताना दोन गोष्टी घरी आणल्या: अधू झालेले कान आणि सांडशीसारखे अंगठे. कान अधू, म्हणून गाणी मोठ्यानं. माझ्या फडताळातल्या कपबश्या वाजायच्या. मी पदर खोचून वर जाणार, तेवढ्यात त्यांच्या यमुनाबाईंचा आवाज जिन्यात ऐकू यायचा, "अहो, आवाज कमी करा. खाली माणसं राहतात." माझं निम्मं भांडण त्या परस्पर उरकून टाकत. मला त्या फार आवडायच्या.

गेल्या दिवाळीनंतर यमुनाबाईंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी जराशी हलायची. डोळे उघडे असत, पण नजर कुठे ठरत नसे. डॉक्टर म्हणाले, "त्यांना किती समजतंय ते आज सांगता येणार नाही. एखादी गोष्ट आपणहून करतात का, बघत राहा." बद्रीनाथरावांनी एवढंच वाक्य घट्ट धरून ठेवलं.

त्यांचा मुलगा आनंद बंगळुरूला असतो. गाण्यांचा रिसिव्हर त्यानंच घेऊन दिलेला, हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवलेला. आतल्या खोलीत कॉटभोवती त्याला जागा नव्हती आणि त्याचा रिमोट समोर धरल्याशिवाय चालत नसे. म्हणून आनंदनं रेडिओलहरींवर चालणारा रिमोट पाठवला. मध्ये भिंत असली तरी तो चालतो म्हणे.

सोबतचा इंग्रजी कागद वाचायला मला वर बोलावणं आलं. मी वाचत होते, बद्रीनाथराव जोडत होते. अँटेनाचा छोटा डबा शोकेसवर ठेवला. त्याच्या वायरीच्या टोकाला एक बारीक डोळा होता, तो रिसिव्हरच्या पुढच्या काचेवर चिकटवला. रिमोट डब्याला सांगणार, डबा डोळ्यातून रिसिव्हरला सांगणार. लाल दिवा लागेपर्यंत बटण दाबून धरलं, रिसिव्हरच्या कंपनीचा नंबर टाकला. काही होईना. पुन्हा टाकला, तरी नाही. मग माझ्या लक्षात आलं की रिसिव्हरवर यमुनाबाईंनी विणलेलं क्रोशाचं झाकण आहे आणि त्याची झालर डोळ्यावर आली आहे.

"काढा ते," मी म्हणाले.

"तिच्या हातचं हाय, ताई." त्यांनी झालर तेवढी वर दुमडली. गाणं सुरू झालं.

आपल्याकडे घरातली वस्तू उघडी ठेवायची म्हणजे जिवावर येतं. रिमोटवर पेज सांडेल म्हणून त्यांनी साडीच्या खोक्याचं जाड प्लास्टिक कापलं, रिमोटभोवती ताणून बसवलं आणि चिकटपट्टी लावली. मग जुन्या लुगड्याच्या काठानं तो रिमोट यमुनाबाईंच्या डाव्या हाताशी बांधला. बोटं बटणांवर आणून ठेवली. वर गोधडी घातली. गोधडीत हात घालून स्वतः एक बटण दाबलं, तसं बाहेर गाणं थांबलं. पुन्हा दाबलं, सुरू झालं.

"बघा, गोधडीखालून चालायलंय," ते लहान मुलासारखे हसले. "आता तिला एकदा दाबू द्या. दाबलं की समजायचं, ती हाय."

मग रोज सकाळी गाणी लागायची. तिला आत ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं. बद्रीनाथराव हॉलमध्ये रिसिव्हरवरच्या, कुठलंही बटण दाबलं की बदलणाऱ्या हिरव्या आकड्याकडे बघत बसायचे. आकडा हलायचा नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून आत जाऊन गोधडीखाली स्वतःच्या अंगठ्यानं दाबून बघायचे. यंत्र चालत असायचं.

"यंत्र ठीक हाय, ताई," एक दिवस मला जिन्यात म्हणाले. "तीच नाही तिथं."

तेव्हापासून त्यांनी यमुनाबाईंशी बोलणं सोडलं. आधी भरवताना मंडईतल्या गमती सांगायचे, गावाकडच्या उखाळ्यापाखाळ्या सांगायचे. आता अंग पुसणं, कूस बदलणं, वेणी घालणं, सगळं तितक्याच मायेनं, पण मुक्यानं. आनंद रजा काढून आला, आईच्या उशाशी बसून "आई, मी आलोय गं" म्हणू लागला, तर हे तिच्यासमोरच म्हणाले, "राहू दे. तिला काही कळायलं नाही." मी तिथेच उभी होते. गाणी मात्र चालूच होती, तशीच मोठ्यानं.

चैत्रात यमुनाबाई गेल्या.

तेरावं झालं, आनंद परत गेला, तेव्हा मी वर डोकावले. बद्रीनाथराव रिकाम्या कॉटवर बसून रिमोटमधले सेल काढायच्या तयारीत होते. चिकटपट्टी सोलली, प्लास्टिक सोडवलं आणि डोळ्यांना दिसेना म्हणून खिडकीच्या उजेडात धरलं. तसेच धरून राहिले.

प्लास्टिक सगळीकडे स्वच्छ होतं. एकाच जागी धुरकटलेलं होतं. तिथे नखाच्या चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा होत्या, एकीवर एक, एकीवर एक, मोजता येणार नाहीत इतक्या.

"हे माझं नख नाही," ते म्हणाले. "मी वरचं बटण दाबत होतो. हे कोणतं हाय, ताई?"

मी प्लास्टिक रिमोटवर पुन्हा बसवून बघितलं. कागद वाचायची गरजच नव्हती.

"आवाज कमी करायचं."

लेथवरच्या अंगठ्याला ते जाड प्लास्टिक कधी जाणवलंच नव्हतं. तिच्या अशक्त बोटाला मात्र ते दबलंच नाही. बद्रीनाथरावांचा चेहरा मला बघवेना.

"कळत होतं तिला," ते म्हणाले. "आणि मी तिच्यासमोर आनंदला..."

ते उठले. हॉलमध्ये जाऊन रिसिव्हर लावला. गाणं नेहमीसारखं दणक्यात सुरू झालं. परत येऊन कॉटवर ती झोपायची त्या जागी बसले, प्लास्टिक काढलेला उघडा रिमोट डाव्या हातात घेतला आणि करंगळी त्या बटणावर नुसती टेकवली. बटण लगेच दबलं. आवाज उतरत गेला, उतरत गेला.

"केला बरं का कमी," ते म्हणाले.

मला गाणं अजून बारीक ऐकू येत होतं. त्यांना काहीच येत नसावं. ते तसेच बसून राहिले.