रिंगदादा आणि माझा झेल

रिंगदादांनी रिंगला कधी उघडा हात लावला नाही. आधी धुतलेला रुमाल, मग रिंग. सातासमुद्रापार, ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या रविवारच्या क्रिकेट लीगमध्ये विजेत्यांना कपाऐवजी अमेरिकन थाटाच्या जाडजूड चॅम्पियनशिप रिंग्ज मिळत. ते धूड बोटात घालून ऑफिसला कोण जाणार? दादा त्या जमवायचे. गुडघ्यामुळे स्वतः एकही मॅच खेळले नाहीत. ते आमचे स्कोअरर.

"रिंग राहू दे, आधी गोष्ट सांग," म्हणायचे. मग ती गोष्ट सुबक अक्षरात कार्डावर लिहून रिंगखाली ठेवायचे. "गोष्टीशिवाय रिंग म्हणजे नळाचा वायसर, मेट!"

फायनलच्या शेवटच्या चेंडूवरचा माझा झेल दादांनीच स्कोअरबुकात माझ्या नावावर लिहिला होता. रिंग मी आपणहून त्यांना दिली. माझ्याकडे ती मोज्यांच्या खणात पडली असती. त्यांच्या कपाटात मानाने राहील असं वाटलं.

लॉकडाऊनमध्ये मंडळाचा गणपती स्क्रीनवर बसला. करमणूक म्हणून दादांनी कपाट दाखवलं. सांगलीहून त्यांचे आजारी वडील, अप्पाही बघत होते. विमानं बंद, भेटणं अशक्य. माझी रिंग आली, आणि दादा सांगू लागले,

"शेवटचा बॉल, अप्पा. मी लाँग ऑनला. उन्हात बॉलच दिसेना. नुसता हात पुढे केला!"

"शाब्बास रे!" अप्पांनी टाळ्या वाजवल्या.

उन्हात बॉल दिसला नव्हता, हे मी फक्त दादांना सांगितलं होतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. अनम्यूटपर्यंत गेलेलं बोट अप्पांचा चेहरा बघून मागे घेतलं.

दोन महिन्यांनी अप्पा गेले. दादांनी अंत्यसंस्कार फोनवर पाहिले. मी मनातल्या मनात त्यांना माफ करून टाकलं. म्हाताऱ्याला तेवढाच आनंद.

निर्बंध उठल्यावर भेटायला गेलो. दादा चहा करत होते, मी कपाटाशी. सहज माझ्या रिंगखालचं कार्ड काढलं. पिवळं पडलेलं. त्यावर मी रिंग दिली त्याच दिवसाची तारीख होती. तेव्हा अप्पा ठणठणीत होते. आणि खेळाडू म्हणून दादांचं नाव.

"दादा, हे काय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुला काय रे, तू अजून खेळशील."

रिंग घेऊन चहा न पिता निघालो. पुन्हा त्या घरी गेलो नाही.

परवा नव्या टीममध्ये तो झेल रंगवून सांगायला घेतला. अर्ध्यातच एकजण हसला, "अरे, हा तर रिंगदादांचा किस्सा!"