वरच्या मजल्यावरचा लढाईवाला

हे कोणी वाचलंच, तर माझं अक्षर आणि चुका पोटात घाला. मी चौथीपर्यंतच शिकले.

इकडे परदेशात, सेंगकांगला, आमच्या वरच्या मजल्यावर एक हिंदी बोलणारा तरुण राहायचा. माझ्या हातात पिशव्या दिसल्या की पायाने लिफ्टचं दार अडवून धरायचा. दूर कुठे चाललेल्या लढाईवर तो इंग्रजीत व्हिडिओ करायचा. ते त्यानेच माझ्या फोनवर लावून दिले. “आंटी, रोज दिल दबाना.” मला इंग्रजी कळत नव्हतं, पण माणूस चांगला होता. मी रोज लाल बदाम दाबायची.

एकदा माझ्या मुलाने ते पाहिलं. “आई, हा म्हणतो लढाई थांबवू नका, अजून पोरं पाठवा. मी पुढच्या महिन्यात आर्मीत जाणार, आणि यू गिव्ह हिम हार्ट, आह?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लिफ्टमध्ये असताना तो भेटला. इथे सगळ्याच पोरांना जावं लागतं, तसं मुलाला आर्मीचं बोलावणं आल्याचं मी कसंबसं सांगितलं. तो मुलाच्या काटकुळ्या दंडांकडे बघत राहिला. हळूच म्हणाला, “इसको? डॉक्टर को बोलो ना आंटी, दमा है. छोड़ देंगे.”

नंतर तो स्वतःच लढाई दाखवायला गेला आणि ड्रोनमधून पडलेल्या बॉम्बने मेला. बातमीखाली लोकांनी हसरे चेहरे टाकले होते. ते कळायला इंग्रजी लागत नाही.

मी मुलाला शेजारी बसवून मी दाबलेले सगळे बदाम काढायला लावले. शेवटी एक फोटो आला. मी दिलेला बेसनाचा लाडू त्याच्या हातात होता आणि गाल फुगलेला. मुलाचं बोट थांबलं.

“हा राहू दे, आई.”