पाण्यातला नांगर

मुलांनो,

मागच्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीचा फोन आला. स्कॉटलंडात घराजवळच्या नदीवर ती दोन हातांनी गळ फेकायला शिकते आहे, म्हणाली. "आजी, तुला हे फोनवर सांगून कळायचं नाही. दोरी मागे लांब न टाकताच पुढे फेकायची असते. स्पे कास्टिंग म्हणतात." मी विचारलं, "टोक पाण्याला टेकल्यावर थांबतेस का, की लगेच फेकतेस?" ती तिकडून ओरडली, "तुला कसं माहीत?"

ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आणि ज्यांनी ते पाहिलं त्यांतलं आता कोणीच नाही, मी सोडून. म्हणून लिहायला बसले आहे. क्रमानेच सांगते.

एकोणीसशे तीसनंतरची वर्षं. तुमचे आजोबा भोरजवळच्या धरणावर ओव्हरसियर होते. क्वार्टरमध्ये आम्ही तिघं: ते, माझ्या सासूबाई आणि मी. मी पुण्याच्या मुलींच्या शाळेतून मॅट्रिक झालेली. लग्नाआधी शाळेला रोज चालत जायची, वाटेत मैत्रिणीकडे थांबायची, कोणी विचारायचं नाही. इथे अंगणाबाहेर पाऊल टाकायचं तर कारण लागे, आणि देवळात रोज रोज किती जाणार? इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचण्यापुरता उरला होता.

धरणावरच्या मोठ्या साहेबांच्या मडमबाईंना इंग्रजी बोलायला कोणी नव्हतं. त्यांनी मला संध्याकाळी नदीवर सोबतीला बोलावलं. साहेबांच्या बाईंना नाही कोण म्हणणार? सासूबाई सुद्धा "जा हो" म्हणाल्या. तो तास माझा झाला. बाई मासे धरत आणि मी बोलत असे. पुढे बोलणं कमी झालं आणि त्यांनी माझ्या हातात काठी दिली.

काठी माझ्या अडीचपट उंच. तीन भाग एकात एक बसवायचे, खाली पितळी चक्री, तिच्यावर तेल लावलेली रेशमी दोरी, टोकाला गळावर पिसं बांधून केलेली माशी. धरणाखालच्या त्या वळणावर काठ उभा होता आणि करंज, जांभूळ थेट पाण्यापर्यंत उतरले होते. नेहमीसारखी दोरी आधी मागे भिरकावली की ती फांदीत अडकलीच समजा. बाई म्हणायच्या, त्यांच्या माहेरच्या स्पे नदीवरही झाडं अशीच अंगावर येतात, म्हणून तिथल्या लोकांनी ही वेगळी रीत काढली. पाण्यावर पसरलेली दोरी हळू उचलायची, काठी बाजूने फिरवून आणायची, दोरीचं टोक आपल्या शेजारी पाण्याला टेकवायचं, आणि मागे दोरीची पोटासारखी फुगलेली कमान झाली की पुढे सोडायचं. त्यांनी ते करून दाखवलं की दोरी पाण्यावरून उलगडत पलीकडच्या काळ्या खडकापर्यंत जायची. खडकामागे खोल पाण्यात खडस असत. तांब्याच्या रंगाचे, तळहाताएवढ्या खवल्यांचे मासे.

माझे चार-दोनच धडे झाले आणि पावसाळा सरता सरता साहेब पेन्शनीत निघाले. जाताना बाईंनी काठी, चक्री आणि पिसांच्या माश्यांची डबी माझ्या हवाली केली. वर चार शब्द पाठ करून घेतले: लिफ्ट, स्वीप, अँकर, गो.

बाई गेल्या, पण काठी होती. "सराव करायला हवा" एवढं म्हणून मी पुन्हा नदीवर जाऊ लागले. कारण नवं मिळालं होतं, पण ते फार दिवस टिकेल असं दिसेना. सासूबाई काठीकडे वेगळ्याच नजरेने बघू लागल्या होत्या.

"ही कोपऱ्यात उभी राहून काय करते?" एके सकाळी त्यांनी विचारलं.

"मी शिकतेय, आई."

"शीक की. पण दांडीवर लुगडी टाकायचा बांबू वाळवीनं खाल्लाय. ही कशी गुळगुळीत आहे. लुगड्याला कुसळ म्हणून लागायचं नाही."

तुमचे आजोबा चहा पीत होते. "आई, ती साहेबाची काठी आहे. विलायती."

"मग लुगडी विलायती वाळतील. तुला काय अडचण?"

आजोबांनी बशीत तोंड घातलं. त्यांच्याकडून पुढे काही मदत मिळणार नाही हे मला कळलं. मी म्हटलं, "थोडे दिवस द्या मला."

सासूबाई कोकणातल्या, खाडीकाठच्या. न्यायाला पक्क्या. त्यांनी विचार केला. "तुळशीच्या लग्नापर्यंत ठेव. तोवर तुझी ती दोरी काळ्या खडकाला लागली तर काठी तुझी आणि नदीवर जाणंही तुझं. नाही लागली तर काठी न्हाणीमागे आणि तू घरात. संध्याकाळी दिवेलागणीला मला माणूस लागतं." मग जरा थांबून, "आणि त्या नदीच्या माशाचं मला सांगू नकोस. भिजलेला कापूस खाल्ल्यासारखा लागतो."

त्यामुळे मला तुळशीच्या लग्नाची धास्ती बसली. घरातल्या दुसऱ्या कोणाला ती असण्याचं कारण नव्हतं.

लिफ्ट, म्हणजे उचलणं, मला जमत होतं; स्वीप, म्हणजे फिरवून आणणं, तेही जमत होतं. घोडं अडायचं ते अँकरवर. बाई तो शब्द उच्चारून इतक्या सहज पुढे जात की मी कधी खुलासा विचारला नाही. विचारायचं तरी काय? शाळेच्या इंग्रजी पुस्तकात तो शब्द होता, मास्तरीणबाईंनी अर्थ सांगितला होता, मी पाठ केला होता आणि परीक्षेत बरोबर लिहिला होता. अँकर म्हणजे नांगर. म्हणजे दोरीचं टोक पाण्यात नांगरासारखं चालवायचं.

आणि नांगर तर समोरच होता! पलीकडच्या काठावर एक म्हातारा शेतकरी रोज रब्बीची नांगरट करत असे. मूळचा वेल्ह्याकडचा, मार्गासनीचा. इथे लेकीच्या घरी मदतीला आलेला. नदीला पाणी बेताचं सोडलेलं असलं की त्याचा आवाज सरळ ऐकू येई.

"आवं बाईसाब, रोज त्या पान्याला काठीनं हानताय. त्येनं केलंय काय तुमचं?"

मी ओरडून विचारलं, "बाबा, नांगर कसा धरता हो तुम्ही?"

त्याने बैल थांबवले. "तुमास्नी कशाला वो नांगर?"

"शिकायचंय."

त्याला ते पटलं नाही, पण शिकणाऱ्याला नाही म्हणणारा माणूस नव्हता तो. "मंग ऐका. दाबून धरायचा. वर वर धरला तर नुसता घसरतोय, माती उकरत न्हाई. आन् मधी थांबायचं न्हाई. थांबला का फाळ रुतला."

मी तेच केलं. टोक दाबून पाण्यात घातलं आणि न थांबता ओढलं. अर्धी दोरी बुडाली, पाणी फर्रकन फाटलं, काठी धनुष्यासारखी वाकली, आणि सगळी दोरी माझ्या पायाशी गुंतवळ होऊन पडली. जितकी जास्त दाबावी तितकी वाईट. नांगराच्या तासासारखी पाण्यात रेघ पडायची, तिला पलीकडून दाद मात्र मिळायची.

"तास कसा सरळ पडला बगा! आता पेरा बेगीन!"

मी जोर वाढवला. खांदे भरून आले. पदर दोरीत अडकायचा म्हणून तो कमरेला घट्ट खोचायला शिकले; नऊवारीचा काष्टा असल्यामुळे पाण्यात उभं राहायला मात्र काही अडचण नव्हती. पण काळा खडक होता तिथेच होता, आणि दिवाळी येऊन गेली.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी संध्याकाळी घरात गडबड असणार म्हणून मी सकाळीच नदीवर गेले. थोड्या वेळाने मागे बादलीची कडी वाजली. सासूबाई धुण्याची बादली घेऊन आल्या होत्या. धुणं घरी होत असताना त्या नदीवर कशाला आल्या हे सांगायची गरज नव्हती. जाताना त्या काठी घेऊन जाणार होत्या.

त्या दगडावर बसल्या आणि बघू लागल्या. मी आणखीच घाबरले. दोनदा पायाशी गुंतवळ पडली.

"काय पुटपुटतेस गं मघापासून? मंत्र आहे का?"

"बाईंनी शिकवलेलं आहे. आता नांगर टाकते, बघा." मी टोक दाबलं आणि ओढलं.

"हे काय?"

"नांगर."

"हा कसला नांगर? तू तर ओढते आहेस त्याला."

"नांगर ओढायचाच असतो ना, आई?"

"नांगर ओढायचा?" त्यांनी बादली बाजूला ठेवली. "मग गलबताला धरणार कोण?"

"कुठलं गलबत?"

पलीकडे म्हातारा बैलांना हाकत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या नांगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना हसू यायला लागलं ते थांबेचना. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाल्या, "अगं शहाणे! मॅट्रिक ना तू? तो नांगर नव्हे. समुद्रातला! आमच्या बंदरात मचवे असतात त्यांचा!"

मी समुद्र पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर नांगर म्हटलं की बैलच यायचे. ते मी सांगितल्यावर त्यांना पुन्हा हसू आलं. पण नंतर त्या उठल्या, बादलीतला आजोबांचा ओला पंचा काढला आणि त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दगडावर धरलं.

"हा नांगर. टाकायचा आणि विसरायचं. तो तळाला टेकतो आणि धरून राहतो. घसरला तर मचवा गेलाच म्हणून समज." दुसरं टोक हातात धरून त्यांनी हात वर नेला. नदीवरचा वारा पंच्यात शिरला आणि तो त्यांच्या मागे शिडासारखा फुगला. "हे बघ. टोक धरलेलं आहे म्हणून हे फुगतं. फुगलं की जोर आपोआप येतो. दाबतेस कशाला?"

मडमबाई मागे होणाऱ्या कमानीबद्दल काय सांगत होत्या ते सगळं त्या पंच्यात होतं.

मी काठी उचलली. हळू. काठी फिरवली. टोक पाण्याला टेकलं, नुसतं टेकलं, पान पडावं तसं. मी दाबलं नाही, ओढलं नाही. मागे दोरी भरत गेल्याचं हातांना कळलं. काठी जड झाली. मग वरचा हात पुढे आणि खालचा हात पोटाकडे. दोरी माझ्या खांद्यावरून निघाली आणि उलगडत, उलगडत गेली. खडकाच्या जरा अलीकडे पडली.

"आणखी दोरी सोड," सासूबाई म्हणाल्या. त्या आता उभ्या होत्या.

दुसऱ्या वेळी मला घाई झाली आणि दोरी जवळच पडली. तिसऱ्या वेळी मी थांबले. माशी खडकावर टपकन आपटली आणि घसरून मागच्या पाण्यात गेली.

"पोचली!" पलीकडून म्हातारा ओरडला. "बाईसाब, पोचली वो! पर तास न्हाई पडला!"

सासूबाई जवळ आल्या, काठी माझ्या हातातून घेतली, तोलून पाहिली. "लुगड्याला जडच झाली असती," त्या म्हणाल्या. "बांबू आणायला सांग तुझ्या नवऱ्याला भोरच्या बाजारातून. चल, तुळशीचं सगळं व्हायचंय अजून." आणि दोन पावलं जाऊन मागे वळल्या. "उद्या कधी येणार आहेस? मी पण येते. दिवेलागणीला परत यायचं मात्र."

तेव्हापासून आम्ही दोघी जात असू. थोरले, तू शिकते आहेस म्हणून तुझ्यासाठी लिहिते. काठी उचलताना घाई करू नकोस, सगळं तिथेच बिघडतं. जोर वरच्या हातात नसतो, खालचा हात पोटाकडे येतो त्यात असतो. वारा माशी अंगावर आणायला लागला तर खांदा बदल, हट्ट करू नकोस. एकदा माशी माझ्या अंबाड्यात रुतली होती आणि सासूबाईंनी ती काढायला अर्धा तास लावला, त्यातला निम्मा वेळ हसण्यात. हे सगळं मला कोणी सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात रोज थोडं थोडं कळत गेलं. सासूबाई दगडावर बसून सांगत, "घसरला," किंवा "धरला." त्यांना काठीतलं काही कळत नव्हतं, पण नांगर घसरलेला त्यांना लांबूनही दिसायचा.

दुसऱ्या वर्षी वेल्ह्याकडचा म्हातारा पुन्हा आला तेव्हा त्याने गुंजवण्याच्या रानातली रानकोंबड्याची पिसं आणली होती. त्यांची माशी मी स्वतः बांधली आणि तिच्यावर पहिला खडस लागला. आजोबांनी दोन्ही हातांनी उचलून घरी आणला. सासूबाईंनी कोकम घालून त्याचं कालवण केलं. वाटी पुसून झाल्यावर म्हणाल्या, "कापूस आहे. पण बरा कापूस आहे." आणि दुसरी वाटी वाढून घेतली.

चाळीसनंतर आजोबांची बदली झाली आणि आम्ही ते क्वार्टर सोडलं. तोवर संध्याकाळी नदीवर जायला मला कधी कारण सांगावं लागलं नाही.

काठीचं वरचं टोक त्या सामानाच्या हलवाहलवीत मोडलं. खालचे दोन भाग माझ्या खोलीत कपाटामागे आहेत. पितळी चक्री आहे आणि अजून फिरते. रेशमी दोरी कुजून गेली. डबीत तीन माश्या उरल्या आहेत, त्यांतली एक मी बांधलेली.