पाव किलोची मावशी

पाव किलो मटणात सात माणसं जेवू घालणारी बाई मी एकच पाहिली. कोसाडच्या वसाहतीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी मावशी. ती धुळ्याकडची, आम्ही परभणीचे. नातं काही नव्हतं, पण रविवारी तिच्या घरची चार आणि आमची तीन माणसं एकाच पातेल्याभोवती बसायची.

तिखट ती विकत आणत नसे. एक मिरची रंगाची, एक जाळाची. दोन्ही गच्चीवर वाळवायची, कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजायची आणि मसाला घरीच कुटायची. खाटकाकडून मटणाबरोबर मूठभर हाडं मागून घ्यायची. रश्शात वांग्याच्या फोडी सोडायची. काळ्या मसाल्यात त्या मटणासारख्याच दिसत. "तिखट जास्त टाकं की मानूस भाकर खास, मटन मागत नही," असं तिच्या धुळ्याकडच्या बोलीत हसत सांगायची.

मग काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, टीबी झाला. सचिन नावाच्या कारखान्यांच्या भागात, कापड रंगवायच्या कारखान्यात ते कामाला होते. ते काम सुटलं. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळाल्या, पण डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद हवी, अंडी-मटण खाऊ घाला. मावशी दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवू लागली. मीही शाळेतून आल्यावर तिच्याजवळ बसून चिकटवायची. रविवारची पंगत मोडली. आता पाव किलो एकट्या काकांचं. तिच्या दोघी पोरींना रस्सा आणि वांगी. आपल्या ताटात ती नुसता रस्सा घ्यायची.

एकदा काकांनी वाटी सरकवली. "तू पहिले खा, मंग मी."

"माले रस्साच भावस," ती म्हणाली. ते ऐकेनात, तेव्हा तिने एक रिकामं हाड उचललं आणि त्यांच्यासमोर चोखत बसली. काका जेवले.

काका बरे झाले, कामावर गेले. पुढे तीन-चार महिन्यांनी मावशी साड्यांच्या गठ्ठ्यावर कोसळली. मी आणि काकांनी तिला रिक्षात घातलं. खोकला कधीपासून आहे, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मावशीने काकांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. नंतर बाकावर बसल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "दिवाळीपासून. त्यासनं औषध चालू व्हतं. दोन मानसेसले पाव किलो कसं पुरी?"

मला तिचा राग आला. भिंतीपलीकडून तो खोकला मी रोज ऐकत होते, आणि मिरचीचा ठसका म्हणून सोडून देत होते. स्वतःचाही आला.

उपचाराला फार उशीर झाला होता; डॉक्टरीणबाईंनी तिला घरी न्यायला सांगितलं. काकांनी कधी पळी धरली नव्हती, पण त्या रविवारी त्यांनी मला मसाला विचारून मटण शिजवलं. तिखट इतकं पडलं की मला डोळे पुसावे लागले. जेवढे तुकडे होते तेवढे त्यांनी तिच्या वाटीत काढले आणि तिला उशीला टेकवून बसवलं. तिने वाटीत पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुमनं कोठे शे?"

"पातेलामा शे. तू खा."

पातेलं मी नुकतंच घासून पालथं घातलं होतं. मावशीने त्यांचं खरं मानलं. दोन घास खाल्ले, तिसरा तोंडातच राहिला. मंगळवारी ती गेली.