सासूबाईंचा बटवा

वनरक्षक म्हणून निवृत्त झालेल्या सासूबाई दूध आणायलासुद्धा कमरेला बटवा बांधूनच निघत. शिट्टी, बॅटरी, काडेपेटी, दोरी, सगळं त्यात. "आई, मोहिमेवर निघालात का?" म्हणून जावई रोज टर उडवायचा.

एकदा दोघं लिफ्टमध्ये अडकले आणि दिवेही गेले. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं; तो दार बडवत सुटला. सासूबाईंनी बॅटरी लावली, शिट्टी फुंकली, वरून कुणीतरी ओ दिली. मग त्यांनी बटव्यातून रेक्झिनची दोन पातळ बसकरं काढून अंथरली.

"बसा आता. जंगलात वाट चुकली की आधी बसायचं असतं."

"पण दोन कशाला बाळगता?"

"एक घाबरलेल्या माणसासाठी. कुणी ना कुणी भेटतोच."

जावई दुसऱ्या बसकरावर टेकला. ज्या बटव्याला तो रोज हसत होता, त्यात त्याची जागा कधीचीच राखलेली होती.